फोटोतलं घर : बडोद्याच्या निमित्ताने एक आढावा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर चढली आणि बडोद्याच्या सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. समा, फतेगंज, अकोटा अशा भागांतल्या तळमजल्यांवर गाळ बसला. पाणी ओसरल्यावर फ्रिज आणि दुचाक्या दुरुस्तीला गेल्या, गाद्या रस्त्यावर आल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या लग्नाच्या अल्बमसाठी मात्र कुठलं दुरुस्तीचं दुकान नसतं. भिजलेली पानं एकमेकांना चिकटतात, आणि घाईने सोडवायला गेलं की नवरीचा चेहरा समोरच्या पानावर उतरून येतो.

असा चेहरा गेला म्हणजे नेमकं काय गेलं? कागद, आठवण, पुरावा, की त्या दिवशी घराने स्वतःचं जे रूप ठरवलं होतं ते? घरातल्या माणसांच्या फोटोंबद्दल गेली कित्येक दशकं जी चर्चा चालू आहे, ती या प्रश्नाभोवती फिरते. तिच्यात स्टुडिओवाले आहेत, मानववंशशास्त्रज्ञ आहेत, चित्रकार आहेत, अलीकडे कायदा करणारेही आले आहेत. तिचा आढावा घ्यायला बडोद्यासारखं शहर सोयीचं. इथे मराठी राजघराणं होतं, छायाचित्रणाचे धडे मिळतील असं कलाभवन होतं, पुढे देशातल्या नामवंत कलाशाळांपैकी एक इथे उभी राहिली, आणि घरोघरी पोचलेला एक साधा कॅमेराही याच शहरातल्या कारखान्यात बनत होता.

दरबार आणि भीती

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि थोड्याच काळात तो हिंदुस्थानात पोचला. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या सुरुवातीच्या हौशी छायाचित्रकारांपैकी एक. हरिचंद चिंतामण यांनी तर मुंबईत व्यवसायच मांडला आणि लोकांची व्यक्तिचित्रं काढली. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत माणसाला काही सेकंद निश्चल राहावं लागे; मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. पणजोबांच्या पिढीचे चेहरे फोटोत इतके गंभीर का, याचं एक उत्तर त्या आधारात आहे. दुसरं उत्तर असं की फोटो ही आयुष्यात एकदा-दोनदा येणारी गोष्ट होती, आणि अशा वेळी हसणं लोकांना शोभेसं वाटत नव्हतं.

बडोद्यात व्यक्तिचित्राचं वेड दरबारातून आलं. नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला. १८८१ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे अधिकार मिळाले, त्या समारंभासाठी राजा रविवर्मा बडोद्यात आले आणि त्यांनी राजघराण्यातल्या माणसांची तैलचित्रं केली. रविवर्मा फोटोंचा आधार घेत, आणि फोटोग्राफर तैलचित्रातली बैठक उचलत. खुर्ची, टेबलावरचं पुस्तक, मागचा रंगवलेला पडदा, किंचित वळलेली मान हे सगळं कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे आलेलं आहे.

या घराण्याची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकापुढे एक ठेवली की आणखी एक गोष्ट जाणवते. सयाजीरावांचे थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये. वडील १९३९ पर्यंत होते. ज्या मुलांना वारस म्हणून सजवून बसवलं, ती वडिलांच्या आधी चित्रांतच उरली आणि गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली. घराण्याची परंपरा दाखवायला काढलेली चित्रं घराण्यातल्या पडझडीची नोंद होऊन बसली. काढताना फोटोचा एक अर्थ असतो, पाहताना दुसराच लागतो. पुढच्या सगळ्या चर्चेत हे अंतर पुन्हा पुन्हा समोर येतं.

सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. तिथे शिकायला आलेल्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. गज्जरांनी या धडपड्या विद्यार्थ्याला संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय थाटला. १९०० मधल्या प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल नेलं आणि तो मोडला. ते बडोद्यात परतले, पुन्हा दुकान मांडलं, पण ते काही चाललं नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी समजूत तेव्हा पसरली होती, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. ही समजूत अडाणीपणाच्या खात्यात टाकून मोकळं होणं सोपं आहे. फोटो आणि मृत्यू यांचं काहीतरी नातं आहे, हा संशय मात्र पुढे पॅरिसमधल्या विचारवंतांनाही आला.

स्टुडिओचा पडदा आणि घरचा कॅमेरा

मराठी घरांमध्ये फोटो आधी प्रसंगांना चिकटून आला. बारसं, मुंज, लग्न, डोहाळजेवण. डोहाळजेवणाला फुलांच्या दागिन्यांत चंद्रकोरीवर किंवा झोपाळ्यावर बसवलेली लेक, पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीत हलव्याचे दागिने घातलेली सून, बोरन्हाणाला हलव्याचा मुकुट घालून रडणारं बाळ. हे फोटो गंमत म्हणून काढलेले नसतात. विधी पूर्ण झाल्याची ती पावती असते. बडोद्यात याला स्थानिक रंग चढला. इथे संक्रांत म्हणजे उत्तरायण, सगळं शहर गच्चीवर. त्यामुळे हलव्याच्या दागिन्यांतल्या सुनेच्या मागे आभाळभर पतंग, असा फोटो पुण्याच्या अल्बममध्ये सहसा सापडणार नाही.

लग्न ठरवण्यासाठीचा मुलीचा फोटो हा वेगळाच प्रकार. तो तिच्यासाठी नव्हे, अनोळखी घरासाठी काढलेला. निगेटिव्हवर पेन्सिलने केलेलं काम त्यात भरपूर असे: रंग उजळ, गालावरचे डाग गायब. तारुण्याची बहुधा सगळ्यात जपून काढलेली प्रतिमा, आणि तीच सर्वांत जास्त सुधारलेली.

त्याच्या अगदी उलट टोकाचा एक फोटो म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचा. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्याशेजारी बसल्या आहेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. नवरा नाही, सासू नाही, विधी नाही. शिकणाऱ्या तीन मुली. आनंदीबाई १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पूर्ण होण्याआधी गेल्या. आज हे चित्र पाहणाऱ्याला तो शेवट ठाऊक असतो, चित्रातल्या आनंदीबाईंना नसतो.

स्टुडिओचा पडदा मागे पडला तो स्वस्त कॅमेऱ्यामुळे. आगफाचा ‘क्लिक थ्री’ हा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होत असे. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. बारा म्हणजे मोजून बारा. सहलीला एक रोल पुरवायचा, शेवटचे दोन घरी परतल्यावर आजीसाठी राखून ठेवायचे, मग रोल धुवायला टाकायचा आणि चार दिवस वाट पाहायची. याच कॅमेऱ्याने अल्बममध्ये पहिल्यांदा वाकडेतिकडे, हलते, हसरे चेहरे आणले. अंगणात नळाखाली भिजणारी मुलं, स्कूटरवर बसलेले काका, स्वयंपाकघराच्या दारात अर्ध्या चेहऱ्याने दिसणारी काकू. आणि ज्याच्या हातात कॅमेरा असे तो एकटाच कधी फोटोत दिसत नसे. बहुतेक घरांत तो पुरुष असे.

विचारवंत काय म्हणतात

या सगळ्याकडे गंभीरपणे पाहणं तसं उशिरा सुरू झालं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९६५ मध्ये सहकाऱ्यांसह सामान्य माणसांच्या छायाचित्रणावर पुस्तक काढलं. त्यांच्या मते कुटुंबाचा फोटो हा एकत्र असण्याचा विधी आहे. कुटुंब ज्या क्षणांना सण मानतं ते क्षण तो पक्के करतो. मूल झालं की घरात कॅमेरा येतो, तो याच कारणाने. सौंदर्याचा प्रश्न दुय्यम. मराठी अल्बमांना हे म्हणणं चपखल बसतं. दुखणी, भांडणं, वाटण्या यांचे फोटो कुठल्याही घरात सापडत नाहीत.

रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये नेमकी उलटी दिशा धरली. आई गेल्यानंतर ते तिचे जुने फोटो पाहत बसले आणि ती त्यांना सापडली १८९८ मधल्या एका फोटोत, वयाच्या पाचव्या वर्षी, काचघरात भावासोबत उभी असताना. म्हणजे मुलाने कधीच न पाहिलेल्या वयात. समाजाचे संकेत, विधी हे सगळं बाजूला सारून बार्थ म्हणतात की फोटोचं सार एवढंच: हे खरोखर समोर होतं, आणि आता नाही. तो फोटो त्यांनी पुस्तकात छापला नाही. इतरांना तो एक सामान्य फोटो वाटला असता. सुझन सोंटॅग यांनीही १९७७ च्या पुस्तकात छायाचित्र आणि नश्वरता यांची गाठ घातली होती. गोध्रा-बडोद्याची ती जुनी भीती इथे वेगळ्या भाषेत परत येते.

तिसरी भूमिका भारतातून उभी राहिली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा या औद्योगिक गावात काम करून १९९७ मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ लिहिलं. तिथल्या सुरेश पंजाबींच्या सुहाग स्टुडिओत १९७०-८० च्या दशकांतली तरुण मुलं गॉगल लावून, टेलिफोन कानाला धरून, सिनेमातल्या नायकासारखी वळून फोटो काढून घेत. पिनींचं म्हणणं असं की इथे माणूस फोटोत ‘जसा आहे तसा’ यावा अशी अपेक्षाच नाही. तो जसा होऊ शकतो तसा यावा, चांगला निघावा. ‘फोटो चांगला आलाय’ हे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हुबेहूब आलाय’ असा क्वचितच असतो.

भारतीय फोटो पाहण्याची रीतच वेगळी आहे का, यावर त्याआधीपासून वाद होता. ज्युडिथ मारा गटमन यांनी १९८२ मध्ये तसा दावा केला: सपाट अवकाश, रंगवलेला पृष्ठभाग, लघुचित्रांशी नातं. पुढच्या अभ्यासकांना हे फार सरसकट वाटलं, कारण एकाच काळात लंडन आणि मुंबईच्या स्टुडिओंत पडदे, खुर्च्या, बैठका सारख्याच दिसतात. हा वाद मिटलेला नाही, पण त्याची धार कमी झाली आहे. आजचे अभ्यासक ‘भारतीय नजर’ असं एकच काही न मानता गाव, जात, वर्ग, काळ असे तुकडे पाडून पाहतात. मालविका कार्लेकर यांनी २००५ मध्ये बंगाली भद्रलोकांच्या जुन्या फोटोंतून स्त्रीचं बदलतं स्थान वाचलं: कोण बसलंय, कोण उभं, कुणाच्या हातात पुस्तक. मराठी सुधारक घराण्यांच्या अल्बमांवर त्या तोडीचं काम व्हायला हवं. साहित्य भरपूर आहे आणि ते दरवर्षी थोडं थोडं रद्दीत जातं.

आणखी एक धागा मरियान हर्श यांचा. १९९७ च्या ‘फॅमिली फ्रेम्स’ मध्ये त्या सांगतात की काही स्मृती आपण स्वतः जगलेल्या नसतात, आई-वडिलांच्या फोटोंतून आणि गोष्टींतून त्या आपल्या होतात. त्यांच्यासमोर ज्यूंचा संहार होता. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातला वाडा सोडून समा, निजामपुरा, कारेलीबागेच्या सोसायट्यांत आलेल्या मराठी कुटुंबाचं दुःख त्या तोलाचं नाही, आणि तसं भासवूही नये. तरी वाड्याचा चौक कधीही न पाहिलेली नात त्या चौकातली विहीर कुठे होती ते बोट ठेवून दाखवते, तेव्हा हर्श काय म्हणतात ते कळतं.

बडोद्याच्या कलावंतांची भर

बडोद्याने या चर्चेला विचारांपेक्षा प्रत्यक्ष कामातून जास्त दिलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० मध्ये सुरू झाली; चित्रकलेची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोककलेची नोंद करायला कॅमेरा घेऊन गुजरातच्या खेड्यांत गेले आणि त्यातच रमले. त्यांच्या फोटोंत भिंतीवरचं, अंगणातलं चित्रण आहे आणि ते काढणारी बाई, तिची मुलंही आहेत. घर आणि घरची माणसं वेगळी होत नाहीत. सोबतच त्यांनी बडोद्याच्या कलावंत मित्रांना वर्षानुवर्षं टिपलं. हे सगळं पुढे हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने बडोद्याच्या इतर कलावंतांच्या संग्रहांसोबत डिजिटल रूपात जतन केलं. मित्रांचे घरगुती फोटो कलेतिहासाचं साधन झाल्याचं हे आपल्याकडचं फार चांगलं उदाहरण आहे.

भूपेन खक्कर यांनी १९७२ च्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत स्वतःचेच बनावट थाटातले फोटो छापले, कधी जेम्स बाँड, कधी पिळदार देहाचा मर्द. स्टुडिओत तरुण मुलं जे मनापासून करत ते एका चित्रकाराने जाणीवपूर्वक केलं. बडोद्यातच शिल्पकला शिकलेल्या पुष्पमाला एन. यांनी हा धागा पुढे नेला आणि मुंबईचे जुने छायाचित्रकार जे. एच. ठक्कर यांच्यासोबत ‘बॉम्बे फोटो स्टुडिओ’ ही मालिका केली, प्रकाशयोजनेसह जुन्या स्टुडिओच्या पद्धतीने.

सगळ्यात खोल प्रश्न विचारला तो बडोद्यात शिकलेल्या विवान सुंदरम यांनी. त्यांचे आजोबा उमराव सिंह शेरगिल यांनी अनेक दशकं स्वतःचे, पत्नीचे आणि मुलींचे फोटो काढले होते. मावशी अमृता १९४१ मध्ये अवघ्या अठ्ठावीस वर्षांची असताना गेली. सुंदरम यांनी २००१ च्या सुमारास संगणकावर हे फोटो जोडून ‘रीटेक ऑफ अमृता’ केलं. वेगवेगळ्या वर्षांतले बाप-लेक एका खोलीत आले, आरशात भलत्याच काळातली व्यक्ती दिसू लागली. काहींना यात कुटुंबाचं दडलेलं मन दिसतं. आजोबांच्या कामावर नातवाने हक्क गाजवला, असाही आक्षेप घेता येतो. आज फोनवर कुणीही जे दोन मिनिटांत करतं, त्याचा नैतिक प्रश्न इथे आधीच मांडून ठेवलेला आहे.

होमाई व्यारावाला यांचं नाव या यादीत वेगळ्या कारणाने येतं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, पुढे बडोद्यात आल्या आणि २०१२ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या नेहरूंच्या फोटोंमध्ये विमानतळावर बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, कडकडून भेटणारा भाऊ आहे. सत्तेच्या वर्षांत हळूहळू थकत गेलेला माणूस आहे आणि अखेर त्याची अंत्ययात्राही. जे. जे. कलाशाळेत शिकत असताना काढलेल्या मैत्रिणींच्या फोटोंत १९३० च्या दशकातल्या मुंबईतल्या तरुण मुली निर्धास्त दिसतात, कारण कॅमेऱ्यामागे त्यांच्यातलीच एक उभी आहे. कॅमेरा कुणाच्या हातात, या प्रश्नाला याहून सरळ उत्तर कुठल्या सिद्धांतात मिळणार नाही.

ज्यांचे फोटो नाहीत

अल्बमांवरच्या अभ्यासात एक मोठी उणीव आहे, आणि ती अभ्यासकांनीच दाखवून दिली आहे. अल्बम ज्यांच्याकडे होते त्यांचाच अभ्यास झाला. मजुरी करणाऱ्या, भटक्या, दलित कुटुंबांत आजोबांचा फोटोच नसतो.

बडोद्याशी जोडलेल्या एका जीवनात याची दोन्ही टोकं दिसतात. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले आणि त्यांना शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही. पुढे मुंबईत दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधलं. तिथला फेब्रुवारी १९३४ चा कुटुंबाचा फोटो सगळ्यांच्या परिचयाचा आहे: मुलगा यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि पायाशी टॉबी नावाचा कुत्रा. या दांपत्याची चार मुलं आधीच गेली होती. रमाबाई पुढच्याच वर्षी, मे १९३५ मध्ये गेल्या. ज्यांना बडोद्याने घर नाकारलं त्यांच्या स्वतःच्या घरातलं हे चित्र; ते आज असंख्य घरांच्या भिंतींवर आहे, आणि तिथे ते त्या घरच्याच पूर्वजांच्या जागी असतं.

गरीब घरांत फोटो आला तो बऱ्याचदा सरकारी कामातून. १९९० च्या दशकात मतदार ओळखपत्रं आली, २०१० पासून आधार. माणूस गेला की त्याच ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा चेहरा मोठा करून फ्रेम केला जातो, मागे निळा किंवा गुलाबी पडदा घातला जातो, कधी अंगात न घातलेला कोटही चढवला जातो. पिनींनी सांगितलेली ‘चांगलं निघण्याची’ इच्छा इथे मरणानंतर पुरी होते. सरकारने नोंदीसाठी टिपलेला तो चेहराच मग घराची तसबीर होतो. या फोटोंचा अभ्यास आत्ता कुठे सुरू झालेला आहे.

दर वर्षी तोच माणूस

काळ सरकणं दाखवायला एक फोटो पुरत नाही, मालिका लागते, असं मानणारी एक वाट आहे. अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून चार दशकांहून अधिक काळ दर वर्षी आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचा फोटो काढला, उभं राहण्याचा क्रम न बदलता. ब्यूनोस आयर्सचे दिएगो गोल्डबर्ग १९७६ पासून दर १७ जूनला स्वतःचा, पत्नीचा आणि नंतर मुलांचा चेहरा टिपत आले. यातल्या कुठल्याही एका फोटोत नाट्य नाही. पानं उलटत जावं तसं काहीतरी घडत जातं.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिराती पाहा. फोटो दर वर्षी तोच, चाळिशीतला. खाली नातवंडांची नावं वाढत जातात. एक वेळ येते जेव्हा जाहिरात देणारा मुलगा फोटोतल्या बापापेक्षा म्हातारा असतो. हार घालण्यासाठी कुठला फोटो निवडायचा, तरुणपणीचा की शेवटचा, यावर घराघरांत खराखुरा मतभेद होतो. ‘असेच आठवावेत’ म्हणणारे आणि ‘असेच होते’ म्हणणारे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

केतकी शेठ यांनी २०१८ च्या ‘फोटो स्टुडिओ’ मधून देशभरातल्या जुन्या स्टुडिओंकडे पुन्हा पाहिलं, दयानिता सिंग यांनी ‘प्रायव्हसी’ मध्ये सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यातली कुटुंबं टिपली. दोघींच्या कामात एक थांबणं आहे. फोनने नेमकं ते काढून घेतलं. आज एका वाढदिवसाला शंभर-दीडशे फोटो निघतात आणि कुठला ठेवायचा ते फोनच सुचवतो. ‘आजच्या दिवशी पाच वर्षांपूर्वी’ म्हणून तोच मालिकाही बनवून दाखवतो. काहींच्या मते निक्सनसारखी शिस्त आता सर्वांना फुकट मिळाली. इतरांच्या मते ती शिस्तच नव्हे, कारण त्यात कुणी दर वर्षी ठरवून उभं राहत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न साधा, टिकण्याचा. नीट धुतलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षं सहज राहतो. १९७० आणि ८० च्या दशकांतले रंगीत फोटो मात्र अंधाऱ्या कपाटातही लालसर-पिवळे पडत जातात, कारण त्यांतली रंगद्रव्यं मुळातच कच्ची होती. चिकट पानांच्या अल्बममधला गोंद आणि वरचं प्लास्टिक फोटो आणखी लवकर खातात. पुरात भिजलेल्या प्रिंट वाळू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवाव्यात, हळूच सोडवाव्यात आणि चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवाव्यात. दोन दिवसांत हे जमत नसेल तर मधे मेणकागद घालून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. हे ज्ञान संग्रहालयांकडे आहे, पूररेषेजवळच्या सोसायट्यांपर्यंत ते पोचलेलं नाही. ते पोचवणं कुणाचं काम, हेही ठरलेलं नाही. डिजिटल प्रत सुरक्षित, असं मानणाऱ्यांना फोन हरवेपर्यंत आणि खातं बंद पडेपर्यंत खात्री असते.

दुसरा प्रश्न मुलांच्या संमतीचा. अमेरिकेत सॅली मॅन यांच्या १९९२ च्या ‘इमिजिएट फॅमिली’ वर वादळ उठलं, कारण स्वतःच्या लहान मुलांचे उघडे देह त्यांनी जगासमोर ठेवले. ती कला आहे आणि आईचा तो हक्क आहे, असं एक मत. मुलांना नाही म्हणण्याची सोय नव्हती, हे दुसरं. तेव्हा हा प्रश्न एका कलावतीचा होता, आता तो बारशाचा व्हिडिओ टाकणाऱ्या प्रत्येक घराचा झाला आहे. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या प्रतिमेवरच्या हक्कासाठी खास कायदा केला. भारताचा २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, पण घरगुती वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. आणि संमती देणारे पालकच फोटो टाकणारे असतील तर मुलाच्या बाजूने कोण बोलणार, याला कायद्यात उत्तर नाही. एकत्र कुटुंबात तर आत्या, मामा, शेजारी सगळ्यांकडेच तो फोटो असतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात नवा. २०२१ मध्ये एका वंशावळ कंपनीने जुन्या फोटोतला चेहरा हलवून दाखवणारी सोय आणली. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता त्याच्या फार पुढे गेली आहेत. फाटलेला फोटो जोडता येतो, कृष्णधवल साडीला रंग देता येतो, न भेटलेले आजोबा आणि नातू शेजारी बसवता येतात. बाजूने बोलणारे म्हणतात की हे स्टुडिओच्या जुन्याच परंपरेतलं आहे. पेन्सिलने गाल उजळणारा कारागीर आणि हे यंत्र यांत जातीचा फरक नाही, आणि ज्या घरांकडे एकच धूसर चेहरा होता त्यांना प्रथमच पूर्ण माणूस दिसतो. विरोधकांचा मुद्दा बार्थच्या वाटेने जातो: हे खरोखर समोर होतं, एवढी एकच हमी फोटो देत होता, आणि तीच गेली. पेन्सिल निगेटिव्हवर फिरायची. यंत्र निगेटिव्हच नव्याने बनवतं. दोन्ही बाजूंकडे वजनदार मुद्दे आहेत. निकाल लागण्याआधीच हे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले आहेत.

अभिलेखागारात काम करणारे लोक यावर एक छोटी मागणी करतात: मूळ फोटोची प्रत हात न लावता वेगळी ठेवा, बदललेल्या प्रतीवर तसं लिहा, आणि प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, नातं, गाव, साल नोंदवा. समामधल्या एखाद्या घरात हे करायला बसलं की पहिल्या दहा फोटोंतच अडायला होतं. मधली बाई कोण, हे फक्त आजीला ठाऊक असतं. आजी चष्मा लावते, फोटो उजेडात धरते, आधी खिडकीकडे आणि मग पुन्हा फोटोकडे पाहते, आणि एकदम दोन नावं सांगते.